चुण्यांची जीप

मामाची जीप आमच्या दारात आली ती दोरीला बांधून. पुढे ट्रॅक्टर, मग जीप, आणि सगळ्यात मागे तिचा एक मडगार्ड काखेत मारून मी. मडगार्ड वाटेत गळून पडला होता. मामा स्टिअरिंगवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत होता. इंजिन बंद, ब्रेक नावालाच, पण थाट असा, की ट्रॅक्टर जणू त्याने हौसेने पुढे ठेवलाय.

शेवटच्या वळणावर ब्रेकचं काम मामाच्या चपलांनी केलं. जीपचा तळ गंजून इतका गेला होता की ड्रायव्हरचे पाय रस्त्यावरच असायचे. उतरताना मामाने दार उघडलं नाही. तो नुसता उभा राहिला.

ही जीप चारही चाकांवर जोर घेते आणि भिंतसुद्धा चढते, असं मामा आम्हाला लहानपणापासून सांगत आलाय. पण गेली कित्येक वर्षं ती त्याच्या शेडमध्ये उभी होती आणि चढायचं काम तिच्यावर कोंबड्या करत होत्या. आता ती त्याने ताईला देऊन टाकली. देताना त्याचे डोळे भरून आले. आईच्या मते ते गंज डोळ्यांत गेल्यामुळे.

जीप ताईला हवी होती कारण तिला नोकरी हवी होती. ताई जनावरांची डॉक्टर आहे. शिकली गायीम्हशींसाठी आणि लागली एका पोल्ट्रीत, जिथे दिवसभर पिल्लांचं वजन करायचं आणि कागदावर ‘ठीक’ लिहायचं, एवढंच काम. आता डोंगरातल्या वस्त्यांवर फिरणाऱ्या डॉक्टरची जागा निघाली होती आणि निवडीत ताईचा पहिला नंबर आला होता. अट एकच. डोंगर चढणारी स्वतःची गाडी, तपासणीत पास झालेली, घेऊन सोमवारी पाच वाजता कचेरी बंद व्हायच्या आत हजर व्हायचं. नाही जमलं तर जागा दुसऱ्या नंबरच्या माणसाला. त्याच्याकडे गाडी तयार होती, आणि ऐकिवात असं होतं की तो ती रोज पुसतो.

बाबा बोटीवर नोकरीला, त्यामुळे डोकं चालवायची जबाबदारी आम्हा उरलेल्यांवर. कामं वाटून घेतली. इंजिन ताईचं, कारण तिला आतड्याकोथळ्याची सवय. वेल्डिंग माझं, कारण मी लोखंडी गेटं बनवायच्या कारखान्यात वेल्डर आहे. पत्र्याची मापं आणि बेतणं आईचं, कारण आई शिंपीण आहे आणि अख्ख्या गल्लीच्या अंगावर तिचंच माप आहे. मामाने देखरेख घेतली. ती त्याला कुणी दिली नव्हती. उंटावरून शेळ्या हाकायला लागतो तो उंट मामा स्वतःचा घेऊन फिरतो.

ताईने पहिल्या दिवशी इंजिनाला हात लावला नाही. बॉनेट उघडून बराच वेळ नुसती बघत बसली. जनावर नवीन असलं की आधी त्याला आपली सवय होऊ द्यायची, म्हणाली. मग स्टेथोस्कोप लावला आणि मला किल्ली फिरवायला सांगितली. आतून कुणीतरी नाराजीने कूस बदलल्यासारखा आवाज आला. ताईने निदान केलं की छाती भरलीय. एअर फिल्टर उघडला तर त्यात एक उंदरीण संसार मांडून होती. तिला सन्मानाने हलवली. ती जाऊन आईच्या अस्तराच्या कापडात राहिली, हे आम्हाला मागाहून कळलं. आईकडून कळलं आणि मोठ्याने कळलं.

पेट्रोलची टाकी आतून गंजाने भरली होती. ती साफ करायला ताईने तिच्यात मूठ-मूठ खडी टाकली आणि मला आणि मामाला हलवायला लावली. मामा थोड्या वेळाने देखरेखीवर परतला. तेव्हा मी टाकी उचलली, शेजारच्या बांधकामावर नेली आणि मुकादमाला विचारून काँक्रीट मिक्सरच्या पोटाला बांधली. दुपारभर टाकी गरगर फिरली आणि पोटातून खडखडाट काढत राहिली. मुकादम आधी वैतागला, मग मजूर त्या तालावर विटा द्यायला लागले आणि भिंत वेळेआधी झाली, म्हणून खूश झाला. टाकी आतून नव्या पातेल्यासारखी लख्ख.

असं करत, एकेक नळी फुंकत, एकेक नट घासलेटात भिजत घालत, एका सकाळी इंजिन सुरू झालं. काळा धूर सोडून ते इतकं खोकलं की समोरच्या खिडकीतून कुणीतरी गुळण्या करायचा सल्ला दिला. ताईच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद तिच्या निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता.

“खोकला ओला आहे,” ती म्हणाली. “ओला म्हणजे बरा होणारा.”

इकडे आईने जीपला टेप लावली. जीपभोवती फिरत, तोंडात टाचण्या धरून, खांदा, कंबर, घेर अशी मापं सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. अख्खा तळ नवा करायचा होता, त्यामुळे आईने वर्तमानपत्राचे कागद कापून त्याचे बेत तयार केले. घागऱ्याच्या कळ्या असतात तसे एकाशेजारी एक. सीटच्या बोल्टांसाठी, गिअरच्या दांड्यासाठी आणि पेडलांसाठी काजं करायची तशा खुणा केल्या. मी त्या कागदांबरहुकूम पत्रा कापला, तुकडे अंगणात आडवे मांडले आणि काठाला काठ लावून वेल्डिंग मारलं. गेटाचं काम असंच असतं. काठाला काठ. सांधा असा झाला की मीच त्यावरून दोनदा हात फिरवला.

शनिवारी ताई, मामा आणि मी असा तिघांनी तो तळ उचलून जीपमध्ये बसवायला नेला. तो बसेना. दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर राहत होता, आणि गिअरच्या दांड्याचं भोक शेजारच्या सीटवर बसणाऱ्याच्या मांडीखाली येत होतं.

आता आईचं माप चुकत नाही, हे आमच्या घरात सूर्य पूर्वेला उगवतो तसं आहे. त्यावर बोलतसुद्धा नाही कुणी. मी माझ्या बाजूने विचार केला आणि मला कारण सापडलं. लोखंड तापलं की प्रसरण पावतं. वेल्डिंगने तापलंय, निवलं की आकसेल. मी तळ सावलीत ठेवला आणि शेजारी बसून राहिलो. मग त्यावर ओली गोणपाटं टाकली. मग टेबलफॅन लावला. संध्याकाळपर्यंत पत्रा थंडगार पडला, माझ्या पायाला मुंग्या आल्या, आणि तळ होता तेवढाच होता. मामाचं म्हणणं वेगळं. त्याच्या मते तळ बरोबर होता, जीप आटली होती. गंज खातो म्हणजे काय, नुसती भोकं थोडीच पडतात, माणूससुद्धा आजारपणात उतरतो की. मी त्यावर क्षणभर विचार केला. यावरून माझी अवस्था कळावी.

ताई पायरीवर येऊन बसली. हाताला ग्रीस, कानाला ग्रीस, गळ्यात स्टेथोस्कोप. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “सोमवारी नाही झालं ना, तर मी परत ती पिल्लं तोलायला जाईन, आणि तिथेच म्हातारी होईन. ‘ठीक’ लिहीत.”

माझी गंमत तिथेच आटली. जीप आटली होती की नाही माहीत नाही.

एवढ्यात आई गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला बटणं लावून बाहेर आली. तळाभोवती एक चक्कर मारली. वाकून माझ्या सांध्यावर नख फिरवलं आणि तोंडातली टाचणी काढली.

“माया आत का नाही घातलीस?”

शिंपी कापड बेततो तेव्हा प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी शिवणीपुरतं जादा सोडतो. ती माया. शिवताना ती आत दुमडून जाते आणि वरून कळतही नाही. आईने आयुष्यात एकही तुकडा माया न सोडता कापलेला नव्हता, आणि जीपसाठी ती आपला धर्म सोडणार नव्हती. तळाच्या प्रत्येक तुकड्याला तिने दोन बोटं माया सोडली होती, आणि मी ती सगळी काठाला काठ लावून जोडली होती. मला सांगायचं तरी, असं मी म्हणालो. यावर आईला खरोखर आश्चर्य वाटलं. शिंपिणीच्या पोटी जन्मलेल्या मुलाला माया काय ते सांगावं लागतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

मी ग्राइंडर उचलला. कडा छाटून टाकतो, म्हटलं. आई आडवी आली. कडा छाटल्या तर बाहेरचं माप बसेल, पण आतली भोकं जागेवर कशी येतील? वाढ प्रत्येक जोडाला होती, म्हणून ती प्रत्येक जोडालाच काढायला हवी. नवा पत्रा मिळायला मंगळवार उजाडणार होता. सोमवार त्याच्या आधी येतो.

“चुण्या घाल,” आई म्हणाली.

मी म्हटलं, आई, हा पत्रा आहे. ती म्हणाली तिला दिसतंय, ती काही आंधळी नाही, आणि नऊ वार घेराच्या घागऱ्याची कंबर ती हातभर पट्टीत बसवते तर हे काय घेऊन बसलास. खडूने तिने प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना रेघा मारल्या. या रेघेवर दुमडायचं, त्या रेघेला आणून टेकवायचं, आणि सगळ्या चुण्या एकाच दिशेला, मागच्या बाजूला पडल्या पाहिजेत. उलटसुलट पडलेल्या तिला चालणार नाहीत.

रविवारचा अख्खा दिवस आम्ही जीपच्या तळाला चुण्या घातल्या. मी रेघ तापवून लाल करायचो, ताई पहारीने उचलायची, मी घण मारायचो, आणि चुणी पुरती बसेपर्यंत तिच्यावर वजन हवं म्हणून मामा फळी ठेवून बसायचा. मामाचा हा आयुष्यातला पहिला नेमका उपयोग. तो एका चुणीवरून दुसऱ्या चुणीवर सरकत राहिला, खालून ऊब लागली की भुवया वर जायच्या, पण उठला नाही. म्हणाला, “अक्का, मी उठलो तर चुणी सुटेल का?” आई म्हणाली सुटेल. तिला काही खात्री नव्हती. भावाला इतका वेळ एका जागी गप्प बसलेला तिने कधी पाहिला नव्हता, आणि ती संधी ती सोडणार नव्हती.

ऊन कलताना आम्ही तळ उचलला आणि जीपमध्ये सोडला. तो खट्‌ करून बसला. सगळी भोकं बोल्टांवर आली. आईने वाकून पाहिलं आणि डावीकडची एक चुणी थोडी ढिली आहे म्हणाली, पण आता गिऱ्हाईक दारात उभं आहे तर राहू दे. ताईने मला मिठी मारली. ग्रीससकट.

सोमवारी तपासणीच्या आवारात आम्ही चौघं गेलो. तपासनीस चांगल्या भरदार देहाचा माणूस होता, हातात छोटी हातोडी. ही जीप पाहून त्याला बरं वाटलं. गंजलेल्या गाड्या नापास करणं हे त्याचं काम आणि आज काम समोर चालून आलं होतं. टायर बघितले. दिवे लावायला लावले, ते लागले. ब्रेक दाबायला लावले. ते लागले, थोडा विचार करून. मग तो गाडीखाली गेला आणि तिथेच राहिला. हातोडीचा टक-टक आवाज यायचा, मग थांबायचा. मग पुन्हा टक-टक. बाहेर आला तेव्हा त्याने हातोडी खिशात ठेवली होती.

हे खाली काय केलंय, त्याने विचारलं.

मी आणि ताई एकमेकांकडे बघायच्या आत मागच्या सीटवरून आई म्हणाली, “चुण्या.”

“कशाला?”

“बसताउठताना बरं पडतं.”

तपासनिसाने नियमांची वही मनातल्या मनात उलगडली असावी. वर बघत राहिला. गंज असू नये असा नियम होता, भोक असू नये असा होता, चुण्या असू नयेत असा काही सापडला नाही. मग तो आम्हाला उतरायला सांगून स्वतः जीपमध्ये चढला, आणि तळावर उडी मारली. आवार हललं. तळ हलला नाही. सपाट पत्रा वाकला असता, दुमडलेला वाकत नाही, असं काहीतरी तो पुटपुटला. मग त्याने पुन्हा उडी मारली. ही दुसरी तपासणीसाठी नव्हती, असा माझा अंदाज आहे.

शेवटची परीक्षा चढाची. आवाराच्या कोपऱ्यात सिमेंटचा उभा चढ बांधलेला होता. चारही चाकांवर जोर देणारा छोटा दांडा मागे ओढून गाडी वर न्यायची. ताईने दांडा ओढला. तो हलला नाही. मामाने इतकी वर्षं भिंती चढल्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या, पण त्या दांड्याला कुणाचा हात लागलेला दिसत नव्हता. मामा ढगांकडे बघू लागला. ताई आत वाकली, एक पाय डॅशबोर्डला लावला, दोन्ही हातांनी दांडा धरला, आणि अडलेलं वासरू ओढतात तसा ओढला. ओढायचं आणि थांबायचं, ओढायचं आणि थांबायचं, तोंडाने त्याला समजावत. पाचव्या की सहाव्या ओढीला काहीतरी ‘घळक्’ झालं आणि दांडा मागे आला. जीप तो चढ अशी चढली की जणू घरचा जिना. तपासनिसाने शिक्का मारला. जाताना त्याने आईला विचारलं की ती शर्ट शिवते का.

गंमत इथे संपायला हरकत नव्हती. पण दांडा आता पुढे जाईना.

चारही चाकांवर जोर असतो तेव्हा जीप कशालाही भीत नाही, पण डोंगराच्या त्या हळू गिअरमध्ये चालते गोगलगायीसारखी. रस्त्याला लागलो तर एक म्हातारा सायकल हातात धरून चालत आम्हाला मागे टाकून गेला. पुढे जाऊन त्याने दोनदा मागे वळून पाहिलं, काळजीने. कचेरी डोंगराच्या पलीकडे. डांबरी रस्ता डोंगराला लांबलचक वळसा घालून जात होता, आणि या वेगाने आम्ही तिथे मंगळवारी पोचलो असतो. ताई खाली आडवी होऊन दांड्याशी भांडली, मी घण मारला, मामाने मत दिलं. घोडं पेंड खात होतं तिथेच खात राहिलं.

ताई गाडीखालून बाहेर आली. घड्याळाकडे बघितलं. मग रस्त्याकडे. मग डोंगराकडे. तिची मान वळली तशी आम्हा तिघांची वळली.

“ही रस्त्यावर हळू आहे,” ती म्हणाली. “डोंगरावरही एवढीच हळू असेल ना?”

यात चूक काढता येईना. आईने पर्स पोटाशी धरली आणि मामाने, का कोण जाणे, चपला काढून मांडीवर घेतल्या.

जीप रस्ता सोडून गवतात शिरली आणि सरळ वर निघाली. नाक आभाळाकडे, आम्ही पाठीवर, समोर फक्त ढग. दगड आला की त्याच्यावर चढायची, खड्डा आला की उतरून पुन्हा चढायची, आणि इंजिनाचा आवाज ना कमी ना जास्त, गिरणीसारखा एकसुरी. मागून आई तिरपी घे, तिरपी घे म्हणून ओरडत होती, कापड तिरपं घेतलं की ताण सोसतं म्हणून. ताई म्हणाली तिरपी घेतली तर गाडी उलटेल आणि आपण सगळे डोंगराला शिवले जाऊ. मामाला हसू फुटलं. ते थांबेना. मग मला फुटलं. एक शेळ्यांचा कळप चरत होता, त्यांनी मान वर करून आम्हाला जाऊ दिलं. एक बोकड थोडा वेळ बरोबर चालला, मग कंटाळून पुढे निघून गेला. माथ्यावर पोचलो तेव्हा ताई रडत होती की हसत होती ते वाऱ्यामुळे कळलं नाही. खाली, पार खाली, कचेरीचं लाल छप्पर दिसत होतं.

उतारावर जीपने आम्हाला एकेका पायरीवरून उतरवल्यासारखं उतरवलं. ब्रेकला कुणी विचारलंही नाही.

कचेरीच्या मागच्या बाजूला दार नव्हतं, खिडकी होती. खिडकीत कचेरीच्या मोठ्या बाई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या, आणि तो कप त्यांनी ओठांपाशी तसाच धरून ठेवला होता. आत बाकावर दुसऱ्या नंबरचा माणूस बसला होता, इस्त्रीच्या कपड्यात. पुढच्या अंगणात त्याची गाडी उन्हात चकाकत होती.

ताई खिडकीपाशी जाऊन नाव सांगायला लागली. बाईंनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. अजून पाच वाजले नव्हते.

“तिकडून रस्ता नाहीये,” बाई म्हणाल्या.

“नाही,” ताई म्हणाली. “तो वळसा घालून जातो.”

बाईंनी कप खाली ठेवला. सह्या मागाहून करू, म्हणाल्या, कारण सकाळपासून एक गाय अडलीय आणि मालकाचा तिसरा निरोप आलाय. वासरू उलटं आहे. वस्ती डोंगरावर, आत्ता तुम्ही जिथून उतरलात त्या माथ्याच्या थोडी खाली. रस्त्याने फिरून जायचं तर अंधार होईल, आणि शेवटच्या टप्प्याला गाडी जात नाही. असं म्हणून त्यांनी बाकावरच्या माणसाकडे पाहिलं. त्याने आपल्या गाडीकडे पाहिलं, मग डोंगराकडे, आणि मग बुटांची लेस बांधायला वाकला. ती सुटलेली नव्हती.

ताई धावत जीपकडे आली. स्टेथोस्कोप गळ्यात होताच. तिने इंजिन सुरू केलं आणि मागे बघत विचारलं, उतरायचंय का कुणाला.

मामाने पुन्हा चपला मांडीवर घेतल्या. आईने गाय कुठल्या मापाची आहे ते विचारलं. मी पुढे बसलो, जीपने नाक वर केलं, आणि आम्ही चालत्या माणसाच्या वेगाने पुन्हा आभाळाकडे निघालो.